मिडल गावचे बाक

काही वर्षांपूर्वी आमच्या गावच्या देवळाचा जीर्णोद्धार झाला आणि त्या निमित्ताने निघालेल्या स्मरणिकेत गावाचा इतिहास लिहिण्याचे काम माझ्याकडे आले. मी पडलो शाळामास्तर. शिवाय चार ठिकाणी माझे लेख छापून आलेले. तेव्हा ते टाळता येण्यासारखे नव्हतेच. खरे सांगायचे तर टाळावेसे वाटलेही नाही. देऊळ कोणी बांधले, दीपमाळ कोणी दिली, कोणत्या घराण्यातला कोण पहिला वकील झाला, कोण मामलेदार झाला, हे सगळे मी आठ पानांत बसवले. लोक खूष झाले. शाल मिळाली, नारळ मिळाला. त्या आठ पानांवरून कोणालाही वाटावे की आमच्या गावात जन्मलेला एकही माणूस कधी दारू प्याला नाही, कोणी कोणाचा बांध कोरला नाही आणि कोणाच्या सुनेने कधी विहीर जवळ केली नाही.

त्यानंतर रिचर्ड गॉफ माझ्या हाती लागला, आणि शालीची ऊब बरीच कमी झाली.

गॉफ हे नाव आपल्याकडे फारसे कोणाला ठाऊक असण्याचे कारण नाही. इंग्रजी ग्रंथालयांत या नावाचा शोध घेतला तर आधी दुसराच गॉफ पुढे येतो. तो १७३५ साली जन्मलेला मोठा पुराणवस्तुपंडित. आपला गॉफ त्याच्या बरोबर शंभर वर्षे आधीचा, म्हणजे १६३५ चा. इंग्लंडच्या पश्चिमेला, वेल्सच्या सीमेला लागून श्रॉपशर नावाचा परगणा आहे. त्यातल्या श्रूजबरी शहराच्या उत्तरेला सात-आठ मैलांवर मिडल हे खेडे. चर्चच्या भोवतालच्या ज्या वाड्या त्या एका चर्चला जोडलेल्या असतात, त्यांना मिळून इंग्रज लोक ‘पॅरिश’ म्हणतात. मिडलच्या पॅरिशमधल्या न्यूटन नावाच्या वाडीत गॉफचे घर होते. बापजाद्यांची शेती होती, लॅटिन येत होते, आणि तरुणपणी एका जमीनदार न्यायाधीशाच्या पदरी त्याने कारकुनी केली होती. मोठा विद्वान नव्हे, मोठा श्रीमंतही नव्हे. आपल्याकडे पूर्वी प्रत्येक पंचक्रोशीत एखादा असा म्हातारा असे, की दस्तऐवज वाचायचा झाला, किंवा कोणाचे लग्न कोणत्या साली झाले हे विचारायचे झाले, की लोक त्याच्या ओटीवर जात. गॉफ तसा माणूस असावा.

या माणसाने पासष्टी ओलांडल्यावर लेखणी उचलली. १७०० साली त्याने गावच्या जुन्या गोष्टींचे एक टिपण लिहिले. त्यात चर्च आहे, किल्ला आहे, सीमा आहेत, तळी आहेत. तेवढ्यावर थांबता तर त्याचे नाव परगण्याबाहेर कोणी घेतले नसते. पण पुढच्याच वर्षी त्याने दुसरा भाग सुरू केला, आणि त्यासाठी जी युक्ती काढली तिला मी तरी जोड पाहिलेली नाही. त्याने चर्चच्या आतल्या बाकांचा नकाशा काढला. कोणते बाक कोणत्या घराचे हे लिहिले. मग पहिल्या बाकापासून निघून त्या त्या बाकावर बसणाऱ्या घराण्याची हकीकत तो सांगत गेला. ते बाक संपले की पुढचे बाक.

यातली गंमत कळायला त्या बाकांचा कायदा थोडा समजून घ्यावा लागतो. मिडलच्या चर्चमध्ये वाटेल त्याने वाटेल तेथे बसावे असे नव्हते. गॉफ सांगतो, बाक माणसाचे नसते आणि जमिनीचेही नसते. ते घराचे असते. घर विकले की बाक घराबरोबर गेले. नुसते शेत विकले तर बाक घराकडेच राहिले. माणूस एका घरातून दुसऱ्या घरात राहायला गेला तर जुन्या बाकावरचा त्याचा हक्क संपला. मोठ्या वाड्यांची बाके पुढे, शेतकऱ्यांची मध्ये, झोपडीवाल्यांची मागे आणि दक्षिणेच्या भिंतीकडे. चर्चच्या खर्चाची पट्टी जो भरी त्याला जागेचा मान. आणि पट्टी न भरणारी पोरेटोरे बड्या लोकांच्या पुढे जाऊन बसली तर केवढा गहजब होई! आपल्याला हे समजायला कठीण जाऊ नये. पोळ्याला कोणाचा बैल पुढे आणि होळीची पहिली पोळी कोणाची, यावरून आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या तंटे चालले आहेत. राजवाड्यांनी छापलेल्या साधनांच्या खंडांत असल्या तंट्यांचे महजर आणि करीने आहेत. प्रत्येक पक्ष आपल्या घराण्याची कथा मुळापासून सांगतो, कारण मान सिद्ध करायचा असतो.

गॉफला स्वतःसाठी काही सिद्ध करायचे नव्हते. म्हणून मानपानाची तीच उतरंड त्याच्या हाती पडल्यावर तिचे रूप पालटते. चर्चमध्ये जो पुढे तो मोठा. पुस्तकात मात्र प्रत्येक बाकाची पाळी येतेच. शेवटच्या बाकावरच्या झोपडीवाल्याची गोष्ट रंगतदार असेल, तर वाड्यातल्या साहेबापेक्षा जास्त पाने त्याला मिळतात. त्याच्या आधीच्या काळातले इंग्लंडमधले स्थानिक इतिहास पाहावेत. विल्यम डगडेलचा वॉरिकशर परगण्यावरचा १६५६ चा जाडजूड ग्रंथ त्यातला नामांकित. तेथे जहागिऱ्या आहेत, वंशावळी आहेत, ढालींवरची चिन्हे आहेत, थडगी आहेत. ज्याला थडगे नाही तो तेथे नाही. गॉफच्या पुस्तकात यायला एक बाक पुरे.

आपल्या मराठीतल्या त्रिंबक नारायण आत्र्यांच्या ‘गावगाड्या’ची येथे आठवण होते. १९१५ चे ते पुस्तक मी किती वेळा वाचले असेन, आणि त्याचा आदर माझ्या मनात अजून तसाच आहे. गाव कसे चालते हे आत्र्यांनी जसे दाखवले तसे कोणी दाखवले नाही. पण त्या गाड्यात पाटील आहे, अमुक एक पाटील नाही. सुतार आहे, पण ज्याची बायको रागावून माहेरी गेली तो सुतार नाही. आत्र्यांना चाक दाखवायचे होते. गॉफला गाडीत बसलेली माणसे दाखवायची होती, आणि ती कोठे उतरली आणि कोठे पडली तेही.

इमारतींबद्दल तो थोडक्यात पण नेमके लिहितो. चर्चचा मनोरा १६३४ साली पायापासून नवा उठवला, गवंडी जवळच्याच क्लाइव्ह गावचा, आणि मजुरी दर वाराला पाच पौंड, असे तो सांगतो. म्हणजे हा मनोरा आणि गॉफ एकाच वयाचे. किल्ल्याची कथा अधिक करुण आहे. १३०८ साली राजाची परवानगी काढून जॉन ल स्ट्रेंजने तो बांधला. पुढे तो हम्फ्री किनॅस्टन नावाच्या उधळ्या गृहस्थाच्या ताब्यात आला. हा कर्जात बुडाला, १४९१ साली त्याला कायद्याबाहेर ठरवण्यात आले, आणि किल्ला सोडून तो नेसक्लिफच्या डोंगरातल्या गुहेत जाऊन राहिला. त्याच्याविषयी तिकडे पुष्कळ दंतकथा आहेत. घोड्यावरून त्याने म्हणे सेव्हर्न नदी उडी मारून ओलांडली. गॉफचे लक्ष मात्र किल्ल्याकडे आहे. उरलेला भाग १६८८ च्या भूकंपात पडला, हे तो नोंदवतो. आज तेथे तांबड्या दगडाचा एक बुरूजवजा तुकडा तेवढा उभा आहे.

पण इमारती वाचायला कोणी गॉफ उघडत नाही. तो उघडायचा जॉन ॲस्टनसाठी.

हा ॲस्टन जरा भोळसट, कामाचा कंटाळा असलेला, आणि शेजाऱ्यांच्या कोंबड्यांवर फार जीव असलेला गृहस्थ. पुष्कळ दिवस लोकांनी सोसले. शेवटी चोवीस कोंबडे-कोंबड्या चोरल्याबद्दल त्याला श्रूजबरीच्या न्यायालयात उभे केले. त्या काळी इंग्लंडात कायदा असा, की चोरीचा माल बारा पेन्स किंवा अधिक किमतीचा असेल तर फाशी. न्यायाधीशाने आरोपीकडे पाहिले. गुन्हा तर शाबीत झालेला; पण समोर उभा असलेला प्राणी फाशी देण्याच्या लायकीचाही दिसत नव्हता. त्याने ज्यूरीला सांगितले, की गुन्हा झाला यात शंका नाही, तो तुम्हाला मान्य करावाच लागेल; पण मालाची किंमत काय ते मात्र नीट विचार करून ठरवा. ज्यूरीतले शेतकरी काय समजायचे ते समजले. त्यांनी निवाडा दिला : दोषी; चोरीचा माल, अकरा पेन्स. न्यायाधीश पोट धरून हसला आणि म्हणाला, या मुलखात कोंबड्या इतक्या स्वस्त आहेत हे ऐकून आनंद झाला.

चोवीस कोंबड्यांना अकरा पेन्स! सतराव्या शतकातल्या इंग्रजी न्यायपद्धतीवर मी दोन जाड पुस्तके वाचली आहेत. तो कायदा किती क्रूर होता हे त्यांनी मला सांगितले. लोक त्या क्रूरपणातून वाट कशी काढत, हे या कोंबड्यांनी सांगितले. बारा माणसांनी शपथेवर खोटे बोलून एक जीव वाचवला, आणि खुद्द न्यायाधीश त्यात सामील झाला. गॉफ त्यावर भाष्य करत नाही. तो पुढच्या हकीकतीकडे वळतो.

रीस वेनलॉक हा दुसरा असाच. त्याला दुसऱ्यांच्या कुंपणाची लाकडे उपटून नेऊन आपली भट्टी पेटवायची खोड होती. कोणा खोडसाळ नोकराने एका वाळक्या दांडक्याला भोक पाडले, आत बंदुकीची दारू भरली आणि ते दांडके कुंपणात खोचून ठेवले. रीसने ते नेले. भट्टी पेटली, तिचे छप्पर उडाले आणि घराच्या एका टोकाला आग लागली. आमच्याकडे ही गोष्ट मी दिवाळीत नातवंडांना सांगितली. फटाक्यांच्या दिवसांत तिचे यश काय वर्णावे!

दारूने धुळीला मिळालेली घरे तर बाकाबाकावर आहेत. एका जोडप्याविषयी तो सांगतो, की नवराबायको दोघेही रोज गुत्त्यावर जाऊ लागली, आणि थोड्याच दिवसांत त्यांच्या गाईंनीही तीच वाट धरली. एका वाक्यात गोठा रिकामा होतो. दुसऱ्या कोणा लेखकाने येथे व्यसनावर प्रवचन झोडले असते. मीसुद्धा, मास्तर असल्यामुळे, झोडले असते.

हसवता हसवता तो एकदम अशा जागी नेऊन उभा करतो की आपले हसू ओठांवरच राहते. एका घराण्याच्या सोयऱ्याधायऱ्यांचा माग काढताना तो टॉमस एल्क्सपाशी येतो. याच्या थोरल्या भावाचे पोर अनाथ. इस्टेट पोराची, आणि सांभाळ याच्याकडे. त्याने एका गरीब मुलाला सांगून त्या पोराला फुले वेचायला शेताकडे न्यायला लावले. वाटेत स्वतः गाठून त्या मुलाला घरी परत पाठवले, पुतण्याला कडेवर घेतले आणि शेताच्या टोकाशी आधीच भरून ठेवलेल्या पाण्याच्या बादलीत त्याचे डोके बुडवले. मग तो लंडनच्या वाटेने पळाला. पाठलाग करणारे दोघे हर्टफर्डशरमध्ये पोचले, तेव्हा एका गवताच्या गंजीवर दोन डोमकावळे ओरडत, गवत उपसत बसलेले त्यांना दिसले. गंजीत एल्क्स होता. खून केल्यापासून हे दोन कावळे आपली पाठ सोडत नव्हते, असे त्याने कबूल केले. त्याला नॉकिनच्या माळावर फाशी दिले. कावळ्यांचे खरेखोटे करत बसण्यात मला गोडी नाही. ती बादली मात्र मी विसरू शकत नाही. ती आधी भरून ठेवलेली होती, हा तपशील सांगणारा माणूस गोष्ट सांगायची कशी ते जाणतो.

आता या पुस्तकातल्या ज्या पानांसाठी मी हा लेख लिहायला घेतला त्यांच्याकडे येतो. १६४२ साली राजा चार्ल्स आणि त्याचे पार्लमेंट यांच्यात यादवी युद्ध पेटले. सोळा ते साठ वयाच्या सगळ्या पुरुषांनी मिडलच्या टेकडीवर जमावे असा हुकूम सुटला. गॉफ तेव्हा आठ-नऊ वर्षांचा; तमाशा पाहायला तोही गेला. उंचवट्यावर हातात कागद घेतलेला एक माणूस, शेजारी जमिनीत रोवलेले तीन-चार भाले, आणि राजाच्या बाजूने जो लढेल त्याला आठवड्याला चौदा ग्रोट पगार अशी द्वाही. ग्रोट म्हणजे चार पेन्सांचे नाणे. मिडल, मार्टन आणि न्यूटन या तीन वस्त्यांतून वीस जण गेले. त्यांतले तेरा मेले.

हा हिशेब देऊन तो थांबत नाही. एकेकाला हाक मारल्यासारखा तो नावे घेतो. एक कोष्ट्याचा भाऊ. हॉप्टनच्या गढीत कापला गेला. त्याच गढीत गॉफच्या बापाचा गडी. एक ऑस्वेस्ट्रीला पडला असावा असे त्याला वाटते. एक गुत्तेवाल्याचा भाऊ. तो लढाईत मेला, पण कोठे ते सांगता येत नाही, असे तो सरळ लिहितो. आणि रिचर्ड चॅलोनर. हा अनौरस मुलगा. पॅरिशच्या पैशांवर थोडाफार पोसलेला. अंगाने दांडगा झाल्यावर श्रूजबरीला जाऊन सैन्यात शिरला, २३ ऑक्टोबर १६४२ च्या एजहिलच्या लढाईत गेला, आणि त्यानंतर त्याच्याविषयी त्या मुलखात कोणी काही ऐकले नाही. तीन वस्त्यांतले तेरा, तर साऱ्या देशातले किती हजार असतील, एवढाच अंदाज तो वाचकापुढे ठेवतो.

एजहिलवर मोठमोठे ग्रंथ आहेत. सरदार कोठे उभे होते, घोडदळ कोणत्या बगलेने आले, सगळे त्यांत आहे. पण ज्याला बाप नव्हता, आणि ज्याची वाट पाहणारे घरी बहुधा कोणी नव्हते, त्या पोराचे नाव लिहून ठेवायला साठ वर्षांनंतर एक म्हातारा लागला.

त्याच यादीत गुहेतला विल्यम प्रीस आहे. गावाजवळच्या खडकात एक बीळ होते, भुताचे बीळ म्हणत त्याला. कोणी फार्डो नावाच्या माणसाने धुराडे बांधून त्याचे घर केले, आणि पुढे प्रीस तेथे राहू लागला. लोक त्याला स्कॉगन म्हणत. तो तीन मुलांसह राजाच्या बाजूने लढायला गेला. एका गढीवर मोजक्या शिबंदीनिशी असताना शत्रूचे स्वार आले, तेव्हा खिडकीत उभा राहून हा मोठमोठ्याने हुकूम सोडू लागला : इतके जण इकडे जा, वीस जण माझ्याबरोबर या! आत सगळे मिळून आठच. समोरच्या स्वारांत त्याला शेजारच्या गावचा एक ओळखीचा शिंपी दिसला. त्याने त्याला नावाने हाक मारली, सांभाळ म्हणाला, आणि पाखरे मारायच्या बंदुकीने त्याचा पाय फोडला, घोडा मेला. शिंप्याला उचलून शत्रू निघून गेले. यादवी युद्ध म्हणजे काय, हे मला येथे कळले : ज्याच्यावर गोळी झाडायची त्याने कदाचित तुमची बंडी शिवलेली असते. त्या स्कॉगनचे दोन मुलगे लढाईत मेले, तिसरा घोडे चोरल्याबद्दल फासावर गेला. म्हातारा स्वतः अंथरुणात मेला.

कोणी म्हणेल, या चहाड्या झाल्या. याला इतिहास म्हणायचे का? आक्षेप जुना आहे. पुस्तक सव्वाशेहून अधिक वर्षे हस्तलिखितातच राहिले. १८३४ साली त्याचा काही भाग छापला गेला, पुरते पुस्तक १८७५ साली श्रूजबरीला छापले गेले, आणि सर्वसामान्य वाचकाच्या हाती ते स्वस्त आवृत्तीत आले १९८१ साली. ती आवृत्ती सिद्ध करणारे डेव्हिड हे हे संशोधक. स्थानिक इतिहासाला विद्येचा दर्जा देणारा विभाग लेस्टरच्या विद्यापीठात १९४८ साली निघाला, त्या परंपरेत ते तयार झाले. १९७४ साली त्यांनी मिडलवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. जन्ममृत्यूच्या नोंदी, मृत्युपत्रे, जमिनीचे पट्टे यांच्याशी त्यांनी गॉफचा शब्द ताडून पाहिला, आणि म्हातारा फार थोड्या ठिकाणी चुकला असे त्यांना आढळले. यात नवल वाटायला नको. तिकडे पुष्कळ पट्टे तीन माणसांच्या हयातीवर दिलेले असत. तिघे जिवंत तोवर जमीन तुमची. असल्या मुलखात कोण केव्हा जन्मला आणि केव्हा मेला हे आठवणीत ठेवणे हा पोटापाण्याचा प्रश्न होता. चहाडीलाही तेथे अचूक असावे लागे.

माझा आक्षेप निराळा आहे. गॉफ पुरुषांना पाने देतो, बायकांना ओळ देतो. आणि त्या ओळीत बहुधा निकाल असतो. अमकी रूपवान होती, पण वर्तनाने बरी नव्हती. तमकीची जीभ तिखट होती म्हणून घरात सुख नव्हते. एका घराण्याच्या नाशाचे खापर तो सरळ सुनेवर फोडतो. त्या घरातल्या पुरुषांनी काय केले ते आपण तर्काने ओळखायचे. वाईट रक्ताचे मूल वाईटच निपजणार, हाही त्याचा एक आवडता सिद्धांत. त्याच्याच पुस्तकात त्याला छेद देणारी माणसे भेटतात, पण त्याच्या ते ध्यानात येत नाही. ज्यांना घर नाही म्हणून बाकही नाही, ते गडीमाणसे आणि भटके लोक, चोरी केली किंवा लढाईत मेले तरच आत येतात. नकाशा कितीही उदार असला तरी तो काढणारा आपल्या बाकावरूनच चर्चकडे पाहत असतो.

हे मला सुचले, असे म्हणायला बरे वाटले असते. पण ते माझ्या थोरल्या बहिणीने सुचवले. स्मरणिकेच्या त्या लेखाच्या कच्च्या खर्ड्यात मी एक ओळ लिहिली होती आणि मग खोडली होती. आमच्या आजोबांची एक चुलत बहीण लहानपणीच विधवा होऊन माहेरी आली, आणि पंचविशीत एका पहाटे घरातून निघून गेली ती पुन्हा दिसली नाही. घरच्यांनी तिच्या नावाने आंघोळ केली. एवढीच ती ओळ. गॉफ वाचल्यावर मला त्या खोडण्याची लाज वाटू लागली, आणि दुसरी आवृत्ती निघालीच तर ती ओळ परत घालावी या विचाराने मी अक्काकडे गेलो. तिला सगळे आठवते. गॉफची, कोंबड्यांची, चॅलोनरची गोष्ट मी तिला सांगितली. ती शांतपणे ऐकून घेऊन म्हणाली, “ती गेली, एवढंच लिहिणार असशील तर नको लिहूस. तिला जेवायला कधी वाढत आणि काय वाढत, ते आधी लिही. ते मला आईनं सांगितलंय.”

मी गप्प बसलो. गॉफच्या साऱ्या पुस्तकावर इतकी नेमकी टीका मी वाचलेली नाही. तो खोटे बोलत नाही, काही दडवत नाही. पण गेलेल्या बाईच्या ताटात काय होते हे त्याने क्वचितच विचारले. चॅलोनरच्या बाबतीत विचारले. पॅरिशच्या पैशांवर पोसलेला, थोडाफार, एवढे तो सांगतो, आणि म्हणूनच ते पोर सैन्यात का शिरले हे आपल्याला वेगळे सांगावे लागत नाही. अशी जागा पुस्तकात सापडली की मी तेथे खूण करून ठेवतो. खुणा पुष्कळ आहेत. तीनशे वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्याकडून याहून अधिक मागणे हा माझा अधाशीपणा असेल. आणि ज्याने आठ पानांत गावभर धुतलेले कपडे वाळत घातले, त्याला तर तो अधिकारच नाही.

ज्याला हे पुस्तक मिळेल त्याने पहिला भाग खुशाल नंतरसाठी ठेवावा आणि बाकांपासून सुरुवात करावी. जुन्या इंग्रजीची थोडी धास्ती वाटेल. दहा पानांत ती जाते. मधूनमधून येणारी लॅटिन वचने ओलांडली तरी चालतील. गॉफ १७२३ साली वारला, अठ्ठ्याऐंशी वर्षांचा होऊन.

देवस्थानचे लोक दुसऱ्या आवृत्तीविषयी अजून नुसतेच बोलताहेत. मी वहीत आमच्या सभामंडपाचा नकाशा काढला आहे. खांब सोळा. कीर्तनाला कोणते घर कोणत्या खांबापाशी बसे ते आठवेल तसे भरतो आहे. पुरुषांची बाजू जवळजवळ भरत आली. डाव्या हाताची, बायकांची, निम्मी रिकामी आहे. ती अक्काकडून भरून घ्यायची. दुपारी तिचा डोळा लागतो, म्हणून सकाळी जातो.